सुईसोबत पाटीही देणारी पंडिता

दिवाळीचा फराळ संपला, की नांदेडच्या वजिराबादेत आणि लातूरच्या गंजगोलाईत लोकरीचे गुंडे दिसायला लागतात. आपल्याकडे थंडी ती किती, जेमतेम दीड-दोन महिन्यांची! तरी मफलर विणायची हौस काही जात नाही. त्यात आता मोबाईलमुळे नवनवीन विणी घरबसल्या शिकता येतात. एक पैसाही लागत नाही.

पण मैत्रिणींनो, हे फुकटचं शिकणं सगळ्यांच्या वाट्याला सारखं येतं का? दोन सुलट, दोन उलट अशी साधी वीण घालायची, तरी टाके चारच्या पटीत घ्यावे लागतात. चाळीस घेतले तर जमतं, एक्केचाळीस घेतले की ओळ बिघडते. नुसतं बघून सुंदर विणणाऱ्या बायका आपल्यात खूप आहेत. पण कागदावरची नवी वीण उतरवायची म्हटली, की अक्षर न शिकलेली बाई दुसरीच्या तोंडाकडे बघत बसते.

हाताला काम हवं आणि सोबत अक्षरही हवं, हे सव्वाशे वर्षांपूर्वी ज्यांनी ओळखलं त्या पंडिता रमाबाई. त्यांचं नाव आपण शाळेत ऐकलेलं असतं. पण त्यांच्या आश्रमात सुई आणि पाटी शेजारी शेजारी असायची, हे फारसं कुणी सांगत नाही.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी कर्नाटकातल्या गंगामूळ इथं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकांनी संस्कृत शिकणं म्हणजे पाप मानायचा तो काळ. तरी शास्त्रीबुवांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवलं आणि आईनं लेकीला. कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराण सांगत देशभर पायी फिरायचं. 1870च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण, तिघंही गेली. विद्या होती, पण पोट भरेल असं कसलंच काम हाताला येत नव्हतं. उपाशी भटकण्याचा हा अनुभव रमाबाई कधीच विसरल्या नाहीत.

भाऊ श्रीनिवाससोबत त्या 1878 मध्ये कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. 1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न केलं. तो आंतरजातीय विवाह होता. दोनच वर्षांत पतीही गेले. पदरात मनोरमा ही लहानगी लेक. वय अवघं चोवीसच्या आतबाहेर.

विधवा बाईनं कोपऱ्यात बसायचं, ही त्या वेळची रीत. रमाबाई पुण्याला आल्या, 1882 मध्ये त्यांनी आर्य महिला समाज काढला. पुढे इंग्लंडला गेल्या, तिथं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1886 मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी अमेरिकेत पोचल्या. तिथं लहान मुलांना हातानं करून शिकवायची किंडरगार्टन पद्धत त्यांनी अभ्यासली आणि गावोगाव व्याख्यानं देऊन विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, याच सदनात शिकलेल्या. 1893 मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठं वादळ उठलं. कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचा धर्म कुणाला पटो न पटो, त्यांनी विधवांसाठी उघडलेलं दार मात्र बंद केलं नाही.

1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो अनाथ मुलींना, विधवांना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. 1900 च्या सुमारास तिथं दोन हजारांच्या आसपास बायका-मुली होत्या. इतक्या जणींना नुसतं जेवू घालून भागणार नव्हतं. विणकाम, शिवणकाम, भरतकाम, हातमाग, शेती, दूधदुभतं, स्वयंपाक अशी कामं तिथं शिकवली जायची. छापखान्यात बायका खिळे जुळवायच्या. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली गेली. आणि काम कुठलंही असो, लिहिणं-वाचणं सोबत असायचंच. शिकून तयार झालेल्या मुली पुढे धाकट्यांना शिकवायच्या. 1921 मध्ये मनोरमा गेली आणि 5 एप्रिल 1922 रोजी केडगावलाच रमाबाईंनी डोळे मिटले. मुक्ती मिशनचं काम आजही चालू आहे.

हे सगळं आज सांगायचं कारण आहे. बचत गटाच्या कामासाठी खेड्यांत जाते, तेव्हा आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायका भेटतात. कुणीतरी शिलाई मशीन दिलेलं असतं, फोटोही निघालेला असतो. पुढं? मापं लिहायला येत नाहीत, कापडाचा हिशेब दीर ठेवतो, बँकेच्या पुस्तकात काय लिहिलंय ते शेजारचा पोरगा सांगतो. मशीन हळूहळू कोपऱ्यात जातं, त्यावर गोधड्या रचल्या जातात. लोक म्हणतात, दिलं तरी करत नाहीत बाया! बाई आळशी नसते हो, तिला मदतच अर्धी मिळालेली असते. रमाबाईंनी सुई, पाटी आणि डोक्यावर छप्पर, तिन्ही एकत्र दिलं. म्हणून त्या मुली उभ्या राहिल्या.

आपल्याला मुक्ती सदन काढता येणार नाही. पण या हिवाळ्यात एखादी वीण मोबाईलवर शिकलात, तर ती शेजारच्या एकीला शिकवा. शिकवताना एक वही तिच्या हातात द्या. टाके किती घातले, लोकर किती लागली, गुंडा केवढ्याला पडला, मफलर केवढ्याला विकायचा, हे तिच्याच अक्षरात लिहून घ्या. अक्षर येत नसेल, तर सुरुवात एक ते चाळीस आकड्यांपासून करा. तेवढ्यात मफलरचे टाके घालून होतील.