कै. दुर्गाबाई खोटे

भगिनींनो, स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला. मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसारातली बाई. मी काय लिहिणार? पण आपल्या मंडळातल्या पुष्कळजणी शिवण करून, पापड-मसाले करून घराला हातभार लावतात. त्यांना पाहून मला कै. दुर्गाबाई खोटे यांची आठवण झाली. त्यांना आपण पडद्यावर पाहिले. पण त्या पडद्यावर का आल्या, हे सर्वांना ठाऊक नसेल.

दुर्गाबाईंचा जन्म १९०५ साली मुंबईत, लाडांच्या सुखवस्तू घरात झाला. इंग्रजी शाळेत शिकून त्या कॉलेजातही गेल्या. लग्न होऊन खोट्यांच्या श्रीमंत घरी आल्या. पण लक्ष्मी चंचल असते. सासरचे वैभव गेले, पदरी बकुल आणि हरिन ही दोन लहान मुले, आणि मिळवल्यावाचून गत्यंतर नाही, अशी वेळ आली.

त्या काळी घरंदाज बाईने तोंडाला रंग लावणे म्हणजे कुळाला बट्टा समजत. बालगंधर्वांसारखे पुरुष रंगभूमीवर स्त्रियांची कामे करीत होते. अशा वेळी १९३१ साली ‘फरेबी जाल’ या चित्रपटात दुर्गाबाईंनी लहानसे काम केले. चित्रपट हलका निघाला आणि सारा दोष त्यांच्या माथी आला. नातेवाइकांनी नाके मुरडली, समाजाने बोल लावला. दुसरी एखादी घरात तोंड लपवून बसली असती.

पण १९३२ साली व्ही. शांताराम यांनी प्रभात कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’ या मराठी बोलपटात त्यांना तारामतीचे काम दिले. राजा हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती, म्हणून आपली गाणी त्यांनी स्वतःच म्हटली. ज्यांनी नावे ठेवली त्यांनीच मग वाखाणणी केली. ही वाट खुली झाल्यावर इतर सुशिक्षित मुलीही चित्रपटात येऊ लागल्या.

नट-नट्या तेव्हा एकाच कंपनीच्या पगारी नोकर असत. दुर्गाबाई मात्र कोल्हापूर, कलकत्ता, मुंबई अशा ठिकाणी जाऊन निरनिराळ्या कंपन्यांत काम करीत. एका साच्यात त्या कधी अडकल्या नाहीत. ‘अमर ज्योती’त (१९३६) मुलाचा ताबा नाकारल्यामुळे पेटून उठून समुद्रावर चाचेगिरी करणारी सौदामिनी, आचार्य अत्र्यांच्या ‘पायाची दासी’त (१९४१) सुनेला छळणारी सासू, ‘भरत मिलाप’मध्ये (१९४२) कैकेयी. पुढे वय झाले तेव्हा तरुण दिसण्याचा अट्टहास न करता त्यांनी आईची, आजीची कामे आनंदाने घेतली. ‘मुगल-ए-आझम’मधली (१९६०) जोधाबाई आठवा. एकीकडे बादशहा पती, दुसरीकडे पोटचा मुलगा. त्या दोघांमध्ये सापडलेली आई पाहताना डोळ्याला पदर लागतोच.

रंगभूमीचीही त्यांनी मनापासून सेवा केली. मुंबई मराठी साहित्य संघाच्या ‘भाऊबंदकी’त त्या आनंदीबाई झाल्या, शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मध्येही त्यांनी काम केले. १९५८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६८ साली पद्मश्री आणि १९८३ साली दादासाहेब फाळके पुरस्कार, असे मान त्यांना मिळाले.

पण दैवाने त्यांना सुखच दिले असे नाही. मुलगा हरिन भर उमेदीत गेला. प्रसिद्ध दिग्दर्शिका विजया मेहता या त्याच्या पत्नी. आईच्या काळजाला याहून मोठा घाव कोणता? तरीही त्या खचून बसल्या नाहीत. आपली चित्रसंस्था चालवली, ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र लिहिले. सप्टेंबर १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

मैत्रिणींनो, आपण काही नटी होणार नाही. पण मुलांच्या तोंडी घास घालण्यासाठी उंबरठ्याबाहेर पाऊल टाकताना आपल्यालाही लोकांचे बोलणे ऐकावे लागते. तेव्हा दुर्गाबाईंना आठवावे. बोलणाऱ्याला त्यांनी उलट उत्तर दिले नाही; पुढचे काम अधिक चांगले करून दाखवले. लोकांचे बोलणे विरून गेले, त्यांचे काम मात्र राहिले.