रहीमची बोली आणि आपली

माझ्या गाण्याच्या वर्गात दोन वर्षांपूर्वी बऱ्हाणपूरची एक मुलगी आली. पहिल्याच दिवशी ‘मी येत होते’ या अर्थी ती ‘मी येऊन राहिले होते’ असे म्हणाली. वर्ग हसला आणि मीही तिला शुद्ध मराठीविषयी चार शब्द सुनावले. पुढे कित्येक दिवस ती गाण्यापुरतेच तोंड उघडीत असे. त्याची टोचणी मला लागली ती मागाहून, बऱ्हाणपुरास उतावळी नदीकाठी शाहनवाजखानाचा मकबरा पाहताना. हा शाहनवाज म्हणजे अब्दुल रहीम खानखानाचा मुलगा. तेथे मला रहीम आठवला आणि माझे चुकले हे कळले.

रहीमचा जन्म १५५६ चा, लाहोरचा. वडील बैरामखान हे बाल अकबराचे पालक. आई मेवातच्या घराण्यातली. १५६१ मध्ये गुजरातेत पाटण येथे बैरामखानाचा खून झाला आणि या पोरक्या मुलास अकबराने आपल्याजवळ वाढविले. फारसी ही दरबाराची भाषा, तुर्की पूर्वजांची. संस्कृतही त्याने आपलीशी केली. १५८४ मध्ये गुजरातच्या विजयाबद्दल त्याला खानखाना हा किताब मिळाला. १५८९ मध्ये बाबराचे आत्मचरित्र तुर्कीतून फारसीत आणून त्याने अकबरास सादर केले. अशा पंडिताने बाजारातल्या बोलीला नाक मुरडले असते, तर त्याला कोणी नावे ठेवली नसती.

१५९५ च्या अहमदनगर मोहिमेपासून त्याच्या आयुष्याचा मोठा भाग दक्षिणेच्या राजकारणात गेला. १६०१ मध्ये असीरगड पडला, बऱ्हाणपूर मोगलांकडे आले आणि रहीमचे वास्तव्य तेथे पुष्कळ वर्षे झाले. त्याचा चरित्रकार अब्दुल बाकी नहावंदी १६१४ मध्ये इराणातून तेथेच त्याच्या आश्रयास आला. सातपुड्याचे झिरपते पाणी भुयारांतून शहरात आणणारा कुंडी भंडारा १६१५ चा, त्याच काळातला.

हा सेनापती कविता करी ती मात्र लोकांच्या तोंडच्या शब्दांत. त्याचे दोहे ब्रज बोलीत आहेत. ‘नगरशोभे’त सोनारीण, रंगारीण, भाजीवाली, बंजारीण अशा नाना व्यवसायांतल्या स्त्रिया भेटतात. ‘मदनाष्टका’त संस्कृताच्या पंगतीला त्याने खडी बोली बसविली. त्याचे बरवै अवधीतले. शब्दाला ‘वा’ किंवा ‘इया’ जोडून तो लाडका करण्याची तऱ्हा त्यांत जागोजाग दिसते. आपण बंदिशींत गातो ते ‘पियरवा’, ‘ननदिया’ याच तोंडवळ्याचे. लहानपणी मी एकदा ‘पियरवा’च्या जागी ‘प्रियकर’ घालून गायलो. वडिलांनी मला तेथेच आलाप घ्यायला सांगितले. शेवटचा ‘र’ आडवा आला. आलाप घ्यायला आकारच उरला नव्हता!

रहीमचे उतारवय दुःखात गेले. शाहनवाज १६१९ मध्ये वारला. शाहजहानच्या बंडाच्या धामधुमीत दुसरा मुलगा दाराब मारला गेला. १६२७ मध्ये दिल्लीत रहीमचा अंत झाला. त्याची फारसी कविता आज अभ्यासकांपुरती उरली आहे. दोहे मात्र शाळकरी मुलांनाही पाठ असतात.

आपले इंदुरी मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे गालात हसतात, तेव्हा आपल्या जुन्या घरांतून केवढा राग येतो! आणि मी मात्र बऱ्हाणपूरच्या मुलीला तेच केले होते. परत आल्यावर सर्वांसमक्ष तिची क्षमा मागितली. लिहिताना ग्रंथांची भाषा लिहावी, पण कोणाच्या घरच्या बोलीला हसू नये, असा नियम आता वर्गात आहे. ती मुलगी आता मोकळेपणी बोलते, आणि अगदी बऱ्हाणपूरच्याच वळणाने.