लिमिट बदलायला विसरलात? मग बाळशास्त्री जांभेकरांची ही गोष्ट वाचा

मी पडघ्याचा. बारावीच्या सराव परीक्षेत माझं एक गणित चुकलं होतं. ० ते २ या लिमिटमध्ये २क्ष(क्ष² + १)³ चं इंटिग्रल काढायचं होतं. मी क्ष² + १ ला 'य' मानलं, पुढचं सगळं नीट केलं, पण लिमिट ० आणि २ तशीच ठेवली. उत्तर आलं ४. खरं उत्तर होतं १५६!

मोबाइलवरच्या ॲपने बरोबर उत्तर लगेच दिलं. पण माझं कुठे चुकलं ते काही डोक्यात शिरेना. मग कॅल्क्युलस मराठीत कुणी समजावलंय का ते शोधायला लागलो, आणि एक जुना शब्द सापडला: शून्यलब्धिगणित. हे पुस्तक लिहिणारे होते बाळशास्त्री जांभेकर. हो, तेच, 'दर्पण'वाले!

पोंभुर्ले ते मुंबई

बाळशास्त्रींचा जन्म १८१२ सालचा, आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या देवगड तालुक्यात, पोंभुर्ले गावी. संस्कृत आणि मराठीचं शिक्षण घरीच झालं. मग इंग्रजी शिकायला ते मुंबईला आले आणि तिथे गणितातही पुढे गेले. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी 'दर्पण' सुरू केलं, तेव्हा ते जेमतेम विशीत होते. त्यात एका बाजूला मराठी आणि शेजारी इंग्रजी असा मजकूर असायचा. म्हणूनच ६ जानेवारी हा आपल्याकडे पत्रकार दिन असतो.

१८३४ मध्ये ते एल्फिन्स्टन कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर झाले. या पदावर आलेले ते पहिले भारतीय. दादाभाई नौरोजी त्यांचे विद्यार्थी. कुलाब्याच्या वेधशाळेचं कामही त्यांनी पाहिलं. १८४० मध्ये 'दिग्दर्शन' हे मासिक काढलं आणि त्यातून विज्ञान, भूगोल, इतिहास असे विषय मराठीत आणले. शिवाय व्याकरण, भूगोल, इंग्लंडची बखर, आणि डिफरन्शियल कॅल्क्युलसवरचं ते शून्यलब्धिगणित.

आता जरा थांबा आणि विचार करा. तेव्हा ना यूट्यूब, ना क्लासेस. कॅल्क्युलस शिकायचं तर आधी इंग्रजी यायलाच हवं. ही अट काढून टाकायची तर कुणीतरी बसून मराठी शब्द शोधायला हवे होते. बाळशास्त्री ते काम करत बसले.

शून्यलब्धि म्हणजे काय?

लब्धि म्हणजे भागाकार करून जे मिळतं ते. मला या नावाचा अर्थ असा लागला: गाडीने कापलेलं छोटंसं अंतर भागिले त्याला लागलेला छोटासा वेळ. हा वेळ कमी कमी करत शून्याकडे न्यायचा. तरीही भागाकार एका ठरावीक आकड्याजवळ जातो. तोच त्या क्षणाचा वेग, म्हणजे स्पीडोमीटरवर दिसतो तो आकडा. हे झालं डिफरन्शिएशन. उलटं जायचं, म्हणजे वेगावरून एकूण अंतर काढायचं, ते इंटिग्रेशन.

आता पडघ्यातून हायवेने नाशिककडे निघा. वेग ताशी ६० किलोमीटर, वेळ अर्धा तास. लिमिट ० ते १/२ तास. अंतर ६० × १/२ = ३० किलोमीटर.

हेच मिनिटांत करू. मिनिटं = ६० × तास, हेच आपलं सब्स्टिट्यूशन. ताशी ६० म्हणजे मिनिटाला १ किलोमीटर. एकक बदललं, म्हणून लिमिटही बदलली: ० ते ३० मिनिटं. अंतर १ × ३० = ३० किलोमीटर. पण लिमिट ० ते १/२ च ठेवली तर? उत्तर अर्धा किलोमीटर. म्हणजे गाडी अजून पडघ्यातच!

माझी चूक नेमकी हीच होती. य = क्ष² + १ मानलं की २क्ष डीक्ष च्या जागी डीय येतं. क्ष ० असताना य १ होतो, क्ष २ असताना य ५ होतो. म्हणून य³ चं इंटिग्रल १ ते ५ मध्ये काढायचं: (६२५ − १) ÷ ४ = १५६. लिमिट बदलायची नसेल तर इंटिग्रेशन झाल्यावर य च्या जागी परत क्ष² + १ लिहा आणि मगच ० आणि २ टाका. दोन्ही रस्ते बरोबर. अर्धा हा आणि अर्धा तो, असं मात्र करू नका.

चौतिसाव्या वर्षी

१८४० मध्ये 'दर्पण' बंद पडलं. मे १८४६ मध्ये बाळशास्त्री मुंबईत वारले. वय जेमतेम चौतीस. आपण त्यांना पत्रकार म्हणून लक्षात ठेवलं आणि गणिताचे प्रोफेसर म्हणून जवळजवळ विसरलो.

मला मात्र त्यांचं काम सब्स्टिट्यूशनसारखं वाटतं. त्यांनी नुसती भाषा बदलली नाही, लिमिटही बदलली. कॉलेजच्या वर्गापुरतं असलेलं गणित मराठी वाचणाऱ्या कुणालाही शिकता येईल, इथवर त्यांनी ते आणलं.

तेव्हा पुढच्या वेळी 'य मानू' असं लिहिलंत की त्याच्या खालच्याच ओळीत नवी लिमिट लिहा. मग बाकीचं गणित सोडवा.