ॲनचे बाबा

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील बेनोदे या गावच्या समुद्रकिनाऱ्यावर १९३३ च्या उन्हाळ्यात टिपलेले एक छायाचित्र आहे. वाळूत मांडलेल्या कापडी खुर्चीवर एक उंचेपुरे गृहस्थ बसले आहेत. अंगात गडद सूट, डोक्यावर हॅट. समुद्रावर हवा खायला आलेला माणूस असा पोशाख क्वचितच करील. त्यांच्या मांडीवर पाच वर्षांची मुलगी आहे आणि गृहस्थांचे सारे लक्ष तिच्याकडे लागलेले आहे. हे गृहस्थ म्हणजे चार्ल्स द गॉल आणि ती मुलगी म्हणजे त्यांचे धाकटे अपत्य, ॲन. पुढे सात वर्षांनी सारे जग ज्यांना ताठ मानेचा, कोणापुढेही न नमणारा सेनानी म्हणून ओळखू लागले, त्यांची इतकी मोकळी मुद्रा दाखवणारी छायाचित्रे फारशी नाहीत.

द गॉल यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८९० रोजी लील शहरात झाला. वडील शिक्षक, घर कर्मठ कॅथलिक. भावना चारचौघांत दाखवायच्या नाहीत, हा त्या घराचा संस्कार होता आणि सैनिकी शिक्षणाने तो पक्का केला. पहिल्या महायुद्धात ते एकाहून अधिक वेळा जखमी झाले. मार्च १९१६ मध्ये व्हर्दंच्या रणांगणावर जर्मनांच्या हाती सापडले आणि ३२ महिने कैदेत राहिले. या काळात त्यांनी पाच वेळा पळून जाण्याचा प्रयत्न केला, पाचही वेळा पकडले गेले. युद्धानंतर एप्रिल १९२१ मध्ये कॅले येथील बिस्किट कारखानदारांच्या घराण्यातील इव्हॉन व्हाँद्रू यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात फिलिप, १९२४ मध्ये एलिझाबेथ आणि त्यानंतर ॲन.

ॲन जन्मली १ जानेवारी १९२८ रोजी, जर्मनीतील ट्रियर शहरात. ऱ्हाईनलँडचा तो भाग तेव्हा फ्रेंच सैन्याच्या ताब्यात होता आणि मेजर द गॉल तेथे एका पायदळ बटालियनचे प्रमुख होते. मुलगी इतर दोन भावंडांसारखी नाही, हे लवकरच ध्यानात आले. आज ज्याला आपण डाऊन सिंड्रोम म्हणतो, ती ही अवस्था. त्या काळी वैद्यकशास्त्रात तिला चेहरेपट्टीवरून मंगोल वंशाशी जोडणारे, आज अवमानकारक ठरलेले नाव होते. कारण कोणालाच ठाऊक नव्हते. कारण ठाऊक नसले की संशयाला वाट मोकळी होते. दारूचे व्यसन, गुप्तरोग, घराण्यातील दोष असे नाना तर्क लढवले जात आणि ते सारे आईबापांच्या माथी येत. त्यामुळे प्रतिष्ठित घराण्यांत असे मूल दूरच्या एखाद्या संस्थेत ठेवून द्यायचे आणि त्याच्याविषयी बोलायचे नाही, हाच रिवाज होता.

द गॉल दांपत्याने तो रिवाज पाळला नाही. ॲन घरातच राहील, भावंडांबरोबर वाढेल आणि आईबाप जेथे जातील तेथे जाईल, असे त्यांनी ठरवले. १९२९ ते १९३१ ही वर्षे द गॉल यांची नेमणूक बैरूतला होती. दोन वर्षांच्या ॲनला घेऊन सारे कुटुंब तेथे गेले. निर्णय झाला म्हणून दुःख संपले, असे मात्र मुळीच नाही. इव्हॉन यांनी त्या काळात एका मैत्रिणीला लिहिलेल्या पत्राचा उल्लेख चरित्रकार करतात. ॲन चारचौघींसारखी होणार असेल तर आम्ही दोघे प्रकृती, पैसा, बढती, सारे काही देऊन टाकू, असा त्या पत्राचा आशय आहे. महत्त्वाकांक्षा ज्याच्या अंगात ठासून भरली होती, अशा अधिकाऱ्याच्या पत्नीने बढतीवर पाणी सोडण्याची भाषा करावी, यावरून त्या घरातील व्यथेची कल्पना यावी.

द गॉल यांनी स्वतः मात्र या व्यथेविषयी बाहेर जवळजवळ काहीच बोलून दाखवले नाही. १९३२ मध्ये त्यांचे नेतृत्वावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. नेत्याने अंतर राखावे, मितभाषी असावे, मनातले चेहऱ्यावर येऊ देऊ नये, असे त्यात त्यांनी मांडले आहे. लष्करी नेतृत्वाचा हा सिद्धांत म्हणून तो वाचला गेला आणि ते योग्यच. पण हे पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा त्यांच्या घरात चार वर्षांची ॲन होती, एवढे लक्षात ठेवून ती पाने वाचली तर त्यांना वेगळाच रंग चढतो.

येथे थोडे विषयांतर. ॲनला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, नव्हती. ही अवस्था वेगळी आणि तिची ओळखही नंतरची. बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी ११ मुलांची निरीक्षणे १९४३ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा ॲन १५ वर्षांची होती. त्या निबंधातील पहिल्या मुलाचे वडील वकील होते. यशस्वी, काटेकोर, कष्टाळू. कामाच्या ताणाने ते दोनदा कोलमडले होते, अशी नोंद कॅनर यांनी ओघात केली आहे. नोंद झाली आणि तेथेच राहिली. पुढची काही दशके मानसोपचार क्षेत्र आईबापांच्या, विशेषतः आईच्या कथित थंडपणाला दोष देत बसले. बापाच्या मनाचे काय होते, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. स्वमग्न मुलांच्या वडिलांमध्ये नैराश्याचे प्रमाण इतर वडिलांपेक्षा अधिक आढळते, हे अलीकडच्या अभ्यासांतून पुढे आले आहे. असा बाप बहुधा कामात स्वतःला बुडवून घेतो, बोलत नाही, आणि घरचे त्यालाच त्याचा खंबीरपणा समजतात. द गॉल यांच्याकडे पाहताना हे चित्र ओळखीचे वाटते.

पण त्या घरात आणखी एक गोष्ट घडत होती. कचेरीतून किंवा छावणीतून घरी आल्यावर हा सहा फूट पाच इंचांचा अधिकारी ॲनच्या खोलीत जाई. तिला मांडीवर घेऊन गाणी म्हणे, गोष्टी सांगे, तिच्यापुढे नाच करी, मूकाभिनयाचे खेळ करून दाखवी. स्वतःची लष्करी टोपी तिला खेळायला देई. ॲनला चालणे, जेवणे या साऱ्यासाठी मदत लागे. बोलणे तर जवळपास नव्हतेच. स्पष्ट उच्चारता येणारा एकच शब्द तिच्याजवळ होता, तो म्हणजे पापा. तिला हसवणे बापाला जितके साधे तितके क्वचितच दुसऱ्या कोणाला साधे, असे घरातल्यांच्या आठवणींत येते. फिलिप आणि एलिझाबेथ यांच्याशी वागताना आखडून घेणारा बाप ॲनपुढे सारा ताठा विसरे. ॲनला त्यांच्याकडून काहीच अपेक्षा नव्हती आणि त्यांनाही तिच्याकडून काही मिळवायचे नव्हते. पद, पराक्रम, प्रतिष्ठा यांपैकी कशाचाही तिला पत्ता नव्हता. कदाचित म्हणूनच दिवसातला तेवढा वेळ त्यांना द गॉल होऊन वावरावे लागत नसे.

या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती सांगायला हवी. बापाच्या वाट्याला संध्याकाळचा खेळ आला. दिवसभराचे भरवणे, न्हाऊमाखू घालणे आणि रात्रीची जागरणे आईच्या व ॲनसाठी खास ठेवलेल्या दाईच्या वाट्याला आली. पगारी मदतनीस ठेवण्याची ऐपत तेव्हाही सर्वांना नव्हती, आजही नाही.

१९३४ मध्ये त्यांनी पॅरिसपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवरील कोलोंबे-ले-द्यू-एग्लीज या खेड्यात घर घेतले. ला ब्वासरी हे त्याचे नाव. पूर्वेकडील छावण्या आणि राजधानी यांच्या मध्यावर हे गाव होते, हे एक कारण. पण ॲनला लोकांच्या रोखलेल्या नजरांपासून दूर, मोकळ्या बागेत फिरता यावे हे त्याहून मोठे कारण होते. फ्रेंच राजकारणात पुढे तीर्थक्षेत्रासारखे झालेले हे घर मुळात एका मुलीसाठी घेतले गेले.

१९४० च्या मे महिन्यात जर्मन रणगाडे फ्रान्समध्ये घुसले. द गॉल यांच्याकडे चौथ्या चिलखती डिव्हिजनची सूत्रे होती. त्या धामधुमीत डिव्हिजनच्या धर्मगुरूंशी बोलताना त्यांनी क्वचितच उघडलेले मन उघडले. या मुलीचा जन्म ही आम्हा नवराबायकोची कसोटी होती, पण ती माझा आनंद आहे आणि अपयश असो वा मानसन्मान, त्यांच्यापलीकडे पाहायला तिनेच मला शिकवले, असा त्या बोलण्याचा सारांश चरित्रकारांनी दिला आहे. पराभव समोर दिसत असताना त्यांनी हे बोलावे, याला अर्थ आहे.

१७ जूनला ते विमानाने लंडनला गेले आणि १८ जूनला त्यांनी आकाशवाणीवरून देशबांधवांना लढा चालू ठेवण्याचे आवाहन केले. इव्हॉन तेव्हा तिन्ही मुलांसह ब्रिटनीत होत्या. ब्रेस्ट बंदरातून सुटणाऱ्या शेवटच्या जहाजांपैकी एका जहाजाने, १२ वर्षांच्या ॲनला सांभाळत, त्या इंग्लंडला पोहोचल्या. त्या मागे राहिल्या असत्या तर काय झाले असते, याचा विचार करताना अंगावर काटा येतो. ज्या जर्मनीत ॲनचा जन्म झाला, तेथे १९३९ पासून अपंग आणि मनोरुग्णांना पद्धतशीरपणे ठार मारले जात होते. ऑगस्ट १९४१ पर्यंत एकट्या विषारी वायूच्या केंद्रांत ७० हजारांहून अधिक माणसे मारली गेली.

लंडनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा त्या आवाजाने ॲन भेदरून जाई, म्हणून कुटुंबाला शहरापासून दूर श्रॉपशायरमध्ये हलवावे लागले. द गॉल लंडनमध्ये एकटे राहिले. ऑगस्ट १९४० मध्ये व्हिशी सरकारच्या लष्करी न्यायालयाने त्यांना त्यांच्या गैरहजेरीत मृत्युदंड सुनावला. सप्टेंबरात डाकारची मोहीम फसली. त्या दिवसांत त्यांच्या मनात स्वतःला संपवण्याचाही विचार येऊन गेला, असे चरित्रकार लिहितात. बाहेरून अभेद्य दिसणाऱ्या या माणसाला निराशेचे झटके आयुष्यभर येत राहिले. त्यांचे सहकारी ते जाणून होते. १९४३ मध्ये मुक्काम अल्जीयर्सला हलला, तेव्हा ॲनही तेथे आली. रूझवेल्ट आणि चर्चिल यांच्याशी खटके उडत असताना संध्याकाळी हा माणूस बंगल्याच्या बागेत मुलीचा हात धरून फिरताना दिसे.

असे मूल असलेल्या प्रत्येक आईबापाला रात्री जागवणारा प्रश्न एकच असतो, आपल्यामागे याचे कसे होणार? द गॉल दांपत्यालाही तो सुटला नव्हता. युद्ध संपताच, १९४५ मध्ये, त्यांनी ॲनच्या नावाने न्यास स्थापन केला. पॅरिसच्या नैर्ऋत्येस मिलों-ला-शापेल येथे व्हेर-कर नावाची हवेली घेऊन तेथे बौद्धिक अपंगत्व असलेल्या गरीब घरच्या मुलींची सोय केली. जानेवारी १९४६ मध्ये द गॉल यांनी सरकारचे प्रमुखपद सोडले होते, घरात पैसा बेताचाच होता. पुढे युद्धाच्या आठवणींच्या पुस्तकांचे मानधन मोठ्या प्रमाणात या न्यासाकडे वळवण्यात आले. न्यासाचे खजिनदार म्हणून काम पाहणारे तरुण गृहस्थ होते जॉर्ज पाँपिदू. ते १९६२ मध्ये पंतप्रधान आणि १९६९ मध्ये द गॉल यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष झाले. मुलींच्या वसतिगृहाचा हिशेब चोख ठेवणाऱ्या माणसावर जनरलचा विश्वास बसला, असे म्हटले तर ती अगदीच अतिशयोक्ती होणार नाही.

ज्या काळजीपोटी न्यास काढला, ती वेळ आलीच नाही. ६ फेब्रुवारी १९४८ रोजी न्यूमोनियाने ॲनचे ला ब्वासरीत निधन झाले. तिचे वय २० होते. तिने बापाच्या मिठीत प्राण सोडला. कोलोंबेच्या लहानशा दफनभूमीत अंत्यविधी झाल्यावर द गॉल यांनी पत्नीचा हात धरला आणि आता ती इतरांसारखी झाली, अशा अर्थाचे काही उद्गार काढले, असे सांगतात. हे वाक्य फ्रान्समध्ये फार प्रसिद्ध आहे. मुलीचे वेगळेपण स्वीकारलेल्या बापाच्या मनातही ती इतरांसारखी नव्हती हा सल वीस वर्षे तसाच होता, एवढे त्यातून कळते.

त्यानंतर चार वर्षांनी, १६ जानेवारी १९५२ रोजी, त्यांनी आपल्या अंत्यविधीविषयी सूचना लिहून ठेवल्या. सरकारी इतमाम नको, भाषणे नकोत, पॅरिस नको. कोलोंबेला, जेथे ॲन आहे आणि जेथे पुढे पत्नीही असेल, त्याच थडग्यात मला ठेवा. दगडावर नाव आणि दोन साले, त्याहून अधिक काही नको.

राजकारणाने त्यांना पुन्हा बोलावले ते १९५८ मध्ये. ८ जानेवारी १९५९ रोजी त्यांनी पाचव्या प्रजासत्ताकाचे पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणून सूत्रे हाती घेतली. बरोबर १८ दिवसांनी, त्याच पॅरिसमध्ये, जेरोम लजन, मार्त गोतिए आणि रेमाँ त्युर्पँ यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ॲनसारख्या मुलांच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असतात, हे त्यातून पुढे आले. दारू नव्हे, गुप्तरोग नव्हे, आईबापांचे पाप नव्हे. ॲनला जाऊन तेव्हा जवळपास ११ वर्षे झाली होती.

ऑगस्ट १९६२ मध्ये पॅरिसजवळ पती-पत्नीच्या मोटारीवर गोळ्यांचा वर्षाव झाला, तरी दोघे बचावले. मोटारीत ठेवलेल्या ॲनच्या तसबिरीच्या चौकटीने एक गोळी अडवली, ही त्यासंबंधीची कथा आजही सांगितली जाते. ती दंतकथाच समजावी. १९६९ मध्ये सार्वमतात कौल विरुद्ध गेल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी पद सोडले आणि ते कोलोंबेला परतले. ९ नोव्हेंबर १९७० च्या संध्याकाळी पत्त्यांचा डाव मांडून बसले असता त्यांचे निधन झाले. १२ नोव्हेंबरला पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये जगभरचे राष्ट्रप्रमुख प्रार्थनेला जमले. त्याच दिवशी तिकडे कोलोंबेत, भाषणाविना, त्यांना ॲनशेजारी ठेवण्यात आले. इव्हॉन यांचे निधन ८ नोव्हेंबर १९७९ रोजी झाले, पतीच्या नवव्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी. त्यांनाही त्याच थडग्यात दफन करण्यात आले.