गणितज्ञ कापरेकर

अंबरनाथ, बदलापूर किंवा उल्हासनगर येथून आगगाडीने मुंबईस निघाले, की कल्याण आणि ठाकुर्ली मागे टाकून गाडी डोंबिवलीस येते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या काळी हे स्थानक डेम्लो या नावानेही ओळखले जाई. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवरील या ठिकाणी एका तरुणाच्या मनात संख्यांच्या एका कुळाचा विचार प्रथम आला, आणि त्याने त्या संख्यांना स्थानकाचेच नाव देऊन टाकले. त्या तरुणाचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असतानाच त्यांची आई वारली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. त्यामुळे आकडेमोड ही त्या घरात रोजचीच गोष्ट होती. दत्तात्रेयांचे शालेय शिक्षण ठाण्यास झाले. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. तेथे १९२७ साली गणितातील स्वतंत्र लेखनाबद्दल त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले आणि १९३० पासून नाशिकजवळच्या देवळाली येथे शाळेत शिकवू लागले. यापुढची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही.

त्यांच्या डेम्लो संख्यांपैकी काही फार देखण्या आहेत. ११ ला ११ ने गुणिले असता १२१ येतात. १११ ला १११ ने गुणिले असता १२३२१ येतात. ११११ चा वर्ग १२३४३२१ होतो. डोंगर चढावा आणि उतरावा, तसे हे आकडे चढतात आणि उतरतात. एवढे पाहून कोणीही म्हणेल, की हे असेच चालत राहणार. नऊ एकांपर्यंत ते खरेही आहे. परंतु दहा एकांचा वर्ग करून पाहा. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डोंगराचे शिखर ढासळले आणि आठ हा आकडा चढणीवरून नाहीसा झाला! असे का व्हावे? मधल्या घरात दहा जमतात, एका घरात नऊपेक्षा मोठा अंक मावत नाही आणि हातचा डावीकडे सरकतो. आकृतिबंध कोठवर टिकतो एवढेच नव्हे, तर तो कोठे व का मोडतो हे शोधण्यातही गणिताची मौज असते.

कापरेकरांचा सर्वांत प्रसिद्ध शोध १९४६ सालचा आहे. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठी संख्या करावी, चढत्या क्रमाने मांडून लहान करावी, आणि मोठीतून लहान वजा करावी. जे उरेल त्यावर पुन्हा हीच क्रिया करावी. त्यांच्या जन्माचे वर्ष १९०५ घेऊ.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ वर हीच क्रिया केली, तर पुन्हा ६१७४ च येतात. संख्या कोणतीही घ्या, फार तर सात पायऱ्यांत आपण येथेच पोहोचतो. चार सारखे अंक वगळले, तर ०००१ पासून अशा ९९९० संख्या आहेत. त्या सर्व तपासण्यास किती वह्या लागतील! परंतु थोडे थांबून विचार केला, तर श्रम वाचतात. पहिली वजाबाकी दोनच गोष्टींवर अवलंबून असते: सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरक, आणि मधल्या दोन अंकांतील फरक. पहिल्या फरकास ९९९ ने व दुसऱ्यास ९० ने गुणून बेरीज केली, की उत्तर मिळते. १९०५ मध्ये हे फरक ९ आणि ४ आहेत. ८९९१ आणि ३६० मिळून ९३५१ होतात. फरकांच्या अशा जोड्या केवळ ५४ निघतात. एवढ्या तर एका सुटीच्या दिवशी तपासून होतील.

कापरेकर संख्यांना मोठ्या हौसेने नावे देत. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळविली, की नवी संख्या जन्मते. मात्र २० ही संख्या अशा रीतीने कोणापासूनही जन्मत नाही. देवळातील जी मूर्ती कोणी घडविलेली नसते तिला आपण स्वयंभू म्हणतो. कापरेकरांनी अशा संख्यांनाही स्वयंभू म्हटले. उलट १०१ ही ९१ पासूनही जन्मते आणि १०० पासूनही. बदलापूरकडील आणि कसाऱ्याकडील गाड्या जशा कल्याणास एकत्र येतात, तशीच ही गोष्ट. अशा संख्येस त्यांनी नाव दिले जंक्शन!

१९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी ६१७४ चा शोध मांडला. त्याच वर्षी इकडे कल्याणजवळच्या निर्वासितांच्या छावणीस उल्हासनगर हे नाव मिळाले. आपल्या देशातील अनेक विद्वानांना मात्र कापरेकरांचे काम पोरखेळ वाटे. त्यांचे लेख बहुधा लहानसहान नियतकालिकांतून छापले जात. काही पुस्तिका त्यांनी स्वतःच छापून घेतल्या. एका शाळामास्तराच्या पगारात हे किती जड गेले असेल! तरीही परिषदांना जाणे त्यांनी सोडले नाही. १९६२ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९६६ मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन अपुरे पडे, म्हणून ते गणित व विज्ञानाच्या शिकवण्या करीत.

१९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने एका विख्यात विज्ञानमासिकात त्यांच्या संख्यांविषयी लिहिले. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. त्यानंतर देशोदेशींचे गणिती त्यांच्या संख्यांचा अभ्यास करू लागले. आज ६१७४ ही संख्या जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते.

१९८६ साली कापरेकरांचे निधन झाले. १९८६ या संख्येपासून आरंभ केला, तर पहिल्याच वजाबाकीत ८१७२ येतात. १९०५ ची वाटही तेथूनच गेली होती.