पेटीवाले गोविंदराव टेंबे

भजनातली पेटी आपण रोज ऐकतो. गोविंदराव टेंबे यांनी ती नाटकात गाजवली. जन्म कोल्हापूरचा, १८८१ सालचा. पेटी ते ऐकून ऐकूनच शिकले आणि भास्करबुवा बखल्यांना साथ करू लागले.

१९११ साली खाडिलकरांचे 'मानापमान' आले. आधीच्या नाटकांत साकी, दिंडी अशा ठरावीक चाली फार. गोविंदरावांनी उत्तरेकडच्या ठुमरीच्या ढंगाने नव्या चाली बांधल्या. बोलता बोलता पात्र गाऊ लागते, ते उपरे वाटू नये, हे काम काही सोपे नाही! भामिनी झाले बालगंधर्व, लहानपणी आपल्या जळगावला गाणे शिकलेले बरं का. पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांची तान्ही मुलगी वारली, तरी ते उभे राहिले, गायले. त्या चाली घरोघर गेल्या.

१९३२ च्या 'अयोध्येचा राजा' बोलपटाला गोविंदरावांनी संगीत दिले, हरिश्चंद्रही तेच झाले. १९५५ साली ते वारले.