रक्ताची वाट शोधणारा

गेल्या महिन्यात ताईच्या मेंदूत गाठ निघाली. तिची मूत्रपिंडे कमजोर, त्यामुळे डॉक्टरांनी कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन न देताच एमआरआय करायचे ठरवले. बाहेर बाकावर बसलो असताना मला एगास मोनिझ आठवले.

मोनिझ पोर्तुगालचे. जन्म १८७४. मेंदूविकारांचे डॉक्टर, शिवाय राजकारणी. १९१८ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले. आपल्याशी त्यांचा एक धागा जुळतो. पणजीला ज्यांचा पुतळा आहे, त्या गोव्याच्या आबे फारियांवर त्यांनी १९२५ मध्ये पुस्तक लिहिले.

क्ष-किरणांत मेंदूतली गाठ दिसत नसे. रक्तवाहिन्या दिसल्या, तर त्या कुठे सरकल्या यावरून गाठ सापडेल, असे मोनिझना वाटले. गाऊटने त्यांची बोटे वाकडी झालेली, म्हणून शस्त्रक्रिया अल्मेदा लिमा करीत. मानेतल्या धमनीत आधी स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड दिले. एक रुग्ण दगावला. मग औषध बदलले आणि जून १९२७ मध्ये जिवंत माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या प्रथमच फिल्मवर उमटल्या.

पुढे १९३५ मध्ये त्यांनी मनोरुग्णांच्या मेंदूतले तंतू छेदण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. १९४९ चे नोबेल त्यांना मिळाले ते तिच्यासाठी. ती शस्त्रक्रिया पुढे जगाने टाकून दिली. रक्तवाहिन्यांचे चित्र मात्र टिकले. १९५५ मध्ये मोनिझ गेले.

ताईच्या तपासणीत औषधाचे काम तिच्याच रक्ताने केले. मानेतून वर जाणाऱ्या रक्तातल्या पाण्यावर रेडिओलहरींनी चुंबकीय खूण करतात. ती काही सेकंदांत विरते. खुणेसह एक चित्र, खुणेशिवाय दुसरे. दोहोंची वजाबाकी म्हणजे रक्ताचा ओघ. झपाट्याने वाढणाऱ्या गाठीकडे तो बहुधा जास्त असतो. ही युक्ती १९९२ मध्ये पुढे आली. जन्मभर बँकेत दोन शिलकांमधला फरक शोधला, म्हणून मला ती चटकन उमगली.

मोनिझच्या खात्यावर जमा किती आणि नावे किती, हे मात्र मला मांडता आले नाही. त्या दगावलेल्या रुग्णाची रक्कम कुठल्या रकान्यात लिहायची?

ताई बाहेर आली. हातावर सुईची खूण नव्हती. रिपोर्ट संध्याकाळी मिळणार होता. मी तिला चहा आणून दिला.